महासाथीत दूध नेमकं कुठं अडतं? २०२० च्या टाळेबंदीचा हिशोब आणि गोठ्यातली तयारी

वैरणकाडी

कोरोनात दूध धंद्याचं काय झालं हा विषय निघाला की गाडी 'दर पडला' एवढ्यावरच थांबते. दर पडला हे खरंच. पण तो का पडला, एवढा का पडला, आणि दर सावरल्यावरही गोठे पुढं वर्षभर का लंगडत राहिले, यावर एका जागी लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा. माहितगारांनी आकड्यांसह लिहावं. साथ पुन्हा येईल, माणसांची येईल नाही तर जनावरांची, आणि तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

सुरुवात मी करतो. फेब्रुवारी २०२० मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ३.५ फॅट (स्निग्धांश), ८.५ एसएनएफच्या (स्निग्धांश सोडून बाकीचे घनघटक) गाईच्या दुधाला लिटरमागे ३० ते ३२ रुपये मिळत होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी. जुलैपर्यंत तेच दूध १७ ते २० रुपयांवर आलं होतं. दूध अत्यावश्यक सेवेत होतं, त्यामुळे संकलनाला बंदी कधीच नव्हती. घरातली पिशवीही चालूच राहिली. बंद पडलं ते बाकीचं सगळं: चहाच्या टपऱ्या, हॉटेलं, कँटीन, मिठाईची दुकानं, लग्नातली जेवणं, आणि ऐन हंगामात आइस्क्रीम, लस्सी, ताक.

महिना कुठला होता तेही बघा. मार्च ते जून हा कृश काळ. उन्हानं दूध घटतं, मागणी वाढते, दर चढतो. शेतकरी या चार महिन्यांच्या दरावर पुष्ट काळातला, म्हणजे दूध भरपूर असतानाचा, तोटा भरून काढतो. त्या वर्षी नेमके तेच चार महिने गेले.

कारखान्याचं बटण बंद करता येतं, गाईचं नाही. दिवसातून दोन वेळा कास भरणार आणि ती रिकामी करावीच लागणार. मग ज्या दुधाला गिऱ्हाईक नाही ते जातं कुठं? इथून पुढं जाणकारांनी लिहा.

फॅट_एसएनएफ

ते भुकटीकडं जातं, आणि दर तिथंच ठरतो. पिशवीचं दूध दर ठरवत नाही. रोज शिल्लक राहणारं शेवटचं लिटर ज्या भावाला खपतं, त्या भावाकडं अख्खं संकलन ओढलं जातं. हे एकदा समजलं की २०२० चं अर्धं कोडं सुटतं.

हिशोब १०० लिटरवर मांडतो. १०० लिटर म्हणजे साधारण १०३ किलो दूध. ३.५ / ८.५ च्या दुधातून घट धरून सुमारे ८.७ किलो स्किम्ड मिल्क पावडर (साय काढलेल्या दुधाची भुकटी) आणि ४.२ किलोच्या आसपास बटर निघतं.

२०२० च्या सुरुवातीला पावडर किलोला ३०० च्या घरात होती, गाईचं बटर ३२० च्या आसपास.
८.७ × ३०० = २६१०
४.२ × ३२० = १३४४
एकूण ३९५४. यातून संकलन केंद्राचं कमिशन, चिलिंग, टँकर, वाळवणी, पोती, व्याज मिळून लिटरला ५ रुपये धरून ५०० वजा करा. उरले ३४५४, म्हणजे लिटरला साडेचौतीस.

जुलैत पावडर १६० च्या आसपास आणि बटर २२० वर.
८.७ × १६० = १३९२
४.२ × २२० = ९२४
एकूण २३१६, वजा ५०० = १८१६. लिटरला अठरा रुपये.

शेतकऱ्याच्या हातात जे १७-१८ आले ते हेच.

दुसरी अडचण वाळवणीच्या क्षमतेची. रोज ३० टन पावडर काढणारा प्लांट मोठा समजला जातो, आणि तो दिवसाला साडेतीन लाख लिटरच्या आतच दूध घेतो. आधी बाष्पीकरण करून घनघटक ४५ टक्क्यांच्या आसपास आणायचे, मग स्प्रे ड्रायर. यातला कुठलाच टप्पा घाईनं उरकता येत नाही. सगळीकडचं दूध एकाच आठवड्यात प्लांटच्या दारात आलं की टँकर रांगेत उभे राहतात, आणि रांगेतला टँकर उन्हात तापतो. पावडर झाली तरी ती गोदामात पडून असते, पैसे तिच्यात अडकतात, बँकेचं व्याज चालू राहतं. पावडरीतला ओलावा ४ टक्क्यांच्या वर गेला की तिचे गठ्ठे बसतात, पावसाळ्यात तर जास्तच. म्हणून डेअऱ्या मिळेल त्या भावाला माल सोडतात आणि भाव आणखी खाली जातो.

कासरा

हिशोब मान्य. पण दर पडताना दहा दिवसांच्या पगारात (डेअरीकडून मिळणाऱ्या दुधाच्या पैशात) लगेच पडतो, चढताना दोन-दोन महिने चढत नाही, त्याचं काय? आणि सरकारनं २५ रुपये जाहीर केले होते ना? ते किती जणांच्या खात्यात आले?

संस्था_सचिव

कासरा भाऊ, ती योजना नीट सांगतो, कारण त्यावरून गावोगाव वाद झाले.

मार्च २०२० च्या अखेरीस राज्य सरकारनं ठरवलं की सहकारी संघांचं रोजचं १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपयांनी घ्यायचं आणि महानंद या राज्याच्या सहकारी दूध महासंघामार्फत त्याची भुकटी करायची. सुरुवातीला एप्रिल-मे, नंतर मुदत जुलैपर्यंत वाढली. वरच्या हिशोबानं १० लाख लिटर म्हणजे रोज ८७ टन पावडर आणि ४२ टन बटर. काम मोठंच होतं. पण योजना सहकारी संघांच्या दुधापुरती होती, आणि राज्याच्या संघटित संकलनात खाजगी डेअऱ्यांचा वाटा मोठा आहे. खाजगीला दूध घालणाऱ्याला या २५ रुपयांचा थेट उपयोग नव्हता. सहकारी संघांनाही दुधाचा कोटा ठरवून मिळाला होता. कोट्याबाहेरचं दूध बाजारभावानंच गेलं. एकाच गल्लीत दोन शेजाऱ्यांना दोन दर मिळाले ते यामुळे.

जुलैच्या २०-२१ तारखेला आणि पुन्हा १ ऑगस्टला आंदोलनं झाली. मागणी लिटरमागे थेट खात्यात अनुदानाची होती, कुणी ५ रुपये मागत होतं, कुणी १०. त्यात केंद्रानं जूनमध्ये १० हजार टन पावडर १५ टक्के एवढ्या सवलतीच्या आयात शुल्कानं आणायला वाट मोकळी केली. गोदामं भरलेली असताना ही अधिसूचना निघाली. आकडा देशाच्या मानानं लहान असला तरी व्यापाऱ्याचा हात आखडायला तेवढी बातमी पुरते.

म्हशीच्या दुधाचा दर एवढा पडला नाही, याची नोंद हवी. म्हशीचं दूध बरंचसं रतीबात आणि पिशवीत जातं, पावडरीवर त्याची भिस्त कमी. कोल्हापूरकडच्या म्हैसवाल्यांना झळ बसली, पण नगर, सोलापूर, पुणे, साताऱ्यातल्या संकरित गाईवाल्यांइतकी नाही.

आता संकलन केंद्रावरचं. टँकर वेळेवर आला नाही तर काय करायचं, हे प्रत्येक सचिवानं आधी लिहून भिंतीवर लावावं:

धार काढल्यापासून दोन तासांच्या आत दूध बल्क कूलरमध्ये (दूध थंड करायच्या मोठ्या टाकीत). ४ अंशांवर आलं की चोवीस तास निर्धास्त, ओढाताण करून अठ्ठेचाळीस. त्यापुढं प्लांट नाकारणार हे धरून चालावं. ढवळणी चालू आहे ना ते बघावं, नाही तर वर साय धरते आणि नमुन्याचं फॅट चुकीचं लागतं. जनरेटरचं दोन दिवसांचं डिझेल केंद्रावरच ठेवावं, कारण टाळेबंदीत पंप उघडे होते पण वाटेतले नाके मोकळे नव्हते. थंड दुधावर सकाळचं गरम दूध एकदम ओतू नये. ते सगळ्या टाकीचं तापमान दहा-बारा अंशांवर नेतं आणि रात्रभर केलेली मेहनत वाया जाते. थोडं थोडं, कॉम्प्रेसर चालू ठेवून घ्यावं.

आणि दूध फाटायला आलंय म्हणून सोडा टाकायचा विचारही करू नये. ती भेसळ आहे, चाचणीत पकडली जाते, आणि एका कॅनमुळे अख्खा टँकर परत येतो.

कासरा

म्हणजे सहकारीला घालणारा तगला आणि खाजगीवाला मेला, असंच झालं. बरं, गोठ्याचं बोलू. दर १८ झाल्यावर बहुतेकांनी पहिला हात पेंडीच्या पोत्याला घातला, खुराक निम्म्यावर आणला. डॉक्टर असतील कुणी तर सांगा, यात चूक किती, बरोबर किती?

पशुवैद्य_दख्खन

सरसकट खुराक तोडणं हीच त्या वर्षातली सगळ्यात महागडी चूक होती. पण सगळ्याच गाईंच्या बाबतीत चूक नव्हती, म्हणून फोड करून सांगतो.

साडेचारशे किलोची, १५ लिटर देणारी संकरित गाय धरा. तिला रोज १५ किलोच्या आसपास शुष्क पदार्थ (पाणी वजा जाता उरणारं खाद्य) लागतो: हिरवी वैरण २५ किलो, कडबा किंवा दुसरं वाळलेलं ५ किलो, आणि खुराक साडेसहा किलो (शरीरासाठी दीड किलो, वर दर तीन लिटरला एक किलो). खुराक २४ रुपये किलो धरू.

गाय विऊन दोन महिने झालेत, दूध चढतं आहे. २ किलो खुराक तोडला तर वाचले ४८ रुपये. अशा गाईत एक किलो खुराकामागे दीड-दोन लिटर दूध असतं. म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांत ३ ते ४ लिटर घटणार. १८ रुपयांच्या दरानंही ५४ ते ७२ रुपये गेले. शिवाय ती अंगावरची चरबी जाळणार, किटोसिसकडं (जास्त चरबी जळून होणाऱ्या आजाराकडं) जाणार, माजावर उशिरा येणार. एकदा खाली आलेली धार त्या वेतात पुन्हा वर चढत नाही. ऑक्टोबरात दर सुधारला तरी त्या गाईचं दूध सुधारत नाही.

दुसरी गाय विऊन आठ महिने झालेत, सहा महिन्यांची गाभण, ८ लिटरवर आहे. हिच्यात एक किलो खुराकामागे जेमतेम अर्धा-पाऊण लिटर मिळतं. २४ रुपये घालून ९ ते साडेतेरा रुपये. इथं खुराक कमी करा, शरीर आणि वासरापुरता ठेवा.

तेव्हा खुराकाचा निर्णय पोत्याकडं बघून करू नका, प्रत्येक गाईच्या विण्याच्या तारखेकडं बघून करा.

अजून एक. ऊर्जा कमी पडली की फॅटआधी एसएनएफ पडतं. साडेतीन फॅटला ८.५ एसएनएफ यायला लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजायच्या काचनळीची) डिग्री ३० च्या जवळ लागते. ती २९ झाली की सूत्रानं (डिग्री भागिले ४, अधिक फॅटचा पाचवा भाग, अधिक ०.३६) एसएनएफ ८.३१ येतं. म्हणजे दर आधीच पडलेला, त्यावर पॉइंटची कपात. लोकांना वाटतं डेअरीनं मशीन फिरवलं. पुष्कळदा गोठ्यातच खुराक तुटलेला असतो.

खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम कधीही बंद करू नये. त्यात वाचणारे चार-पाच रुपये पुढं गर्भाशयाच्या तक्रारींत दसपट जातात. पाणी उन्हाळ्यात ८० ते १०० लिटर.

वैरणकाडी

डॉक्टर, आटवायचं कसं तेही लिहा. २०२० मध्ये अनेकांनी गाई लवकर आटवल्या आणि नंतर कासेचे घोळ झाले.

पशुवैद्य_दख्खन

सात महिने पूर्ण गाभण, म्हणजे विण्याला साठ दिवस उरले की आटवायचीच. दर पडलेला असताना दूध १० लिटरच्या खाली असेल तर साठऐवजी पंच्याहत्तर दिवसांवर आटवली तरी चालतं. २० लिटरच्या गाईला मात्र घाईनं आटवू नये, कास फुटायला येते आणि दगडी होते.

आधी पाच-सात दिवस खुराक पूर्ण बंद, हिरवं कमी, वाळलं जास्त. पाणी तोडायचं नाही, एप्रिल-मेच्या उन्हात तर मुळीच नाही. दूध उतरलं की शेवटची धार पूर्ण, निपटून काढायची. त्याच वेळी सीएमटी (कासदाह ओळखायची द्रावणाची चाचणी) करायची. चारपैकी कुठल्या सडाचं दूध जेलीसारखं झालं तर आधी उपचार, मग आटवणं. सडाचं टोक स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, लांबचे दोन सड आधी पुसून जवळचे नंतर. औषध सोडताना उलटं, जवळचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला हात लागत नाही. प्रत्येक सडात भाकड काळासाठीच्या औषधाची एक पूर्ण ट्यूब. नळीचं टोक तीन-चार मिलिमीटरच आत जाऊ द्या, पूर्ण खुपसलं तर सडाच्या तोंडाचं अस्तर खरवडतं आणि जंतू तिथूनच शिरतात. मग सड द्रावणात बुडवायचे. गाईला तासभर बसू द्यायचं नाही, तोवर सडाचं तोंड मिटतं. पुढं पंधरा दिवस रोज कास हातानं बघायची. एखादा भाग गरम, टणक लागला तर डॉक्टरला बोलवायला थांबायचं नाही.

ट्यूब डॉक्टरला विचारूनच घ्या, आणि लेबलवर लिहिलेला दूध वगळण्याचा काळ पाळा.

कासरा

टाळेबंदीत बाजार समित्या बंद, म्हणून टोमॅटो, कोबी, कांदा, कलिंगड, द्राक्षं, सगळं जनावरांपुढं टाकलं गेलं. फुकटची वैरण म्हणून ढीगच्या ढीग. त्यातलं काय चालतं?

पशुवैद्य_दख्खन

यातल्या बऱ्याच मालानं फायद्यापेक्षा नुकसान केलं.

कांदा. यात असलेली गंधकाची संयुगं तांबड्या पेशी फोडतात. जनावर लगेच आजारी दिसत नाही, पाच-सात दिवसांनी लघवी चहासारखी लाल-तपकिरी होते, पापण्या आतून पांढऱ्या पडतात, धाप लागते. मोठ्या जनावराला दिवसाला ५ किलोच्या पुढं जाऊ नये, तेही बाकी वैरणीत मिसळून, हळूहळू वाढवत. गाभण गाईला नकोच. कोंब आलेला, सडका, काळी बुरशी धरलेला तर कुणालाच नको. दुधाला वास येतो तो वेगळा.

द्राक्षं. साखर इतकी की एकदम पाटीभर खाल्ली तर पोटात आम्ल वाढून जनावर आडवं होतं. शिवाय द्राक्षावरच्या फवारण्या. फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे ते औषधाच्या लेबलवर असतं, तेवढे दिवस झाल्याशिवाय माल गोठ्यात आणू नये. गाईच्या पोटात गेलेलं कीटकनाशक काही अंशी दुधात उतरतं आणि ते दूध कुणाचं तरी लेकरू पितं.

कोबी-फ्लॉवर ८-१० किलोपर्यंत, वाळल्या वैरणीनंतर. उपाशी पोटी दिला तर पोट फुगतं. टोमॅटोची फळं १० किलोपर्यंत ठीक, वेल आणि पाला नको. कलिंगडात बहुतेक पाणीच, उन्हात बरं, पण त्यानं पोट भरलं असं समजून कडबा तोडू नये. पॉलिहाऊसमधली जरबेरा, कार्नेशन यांच्याकडं बघूसुद्धा नका, त्यांच्यावरच्या फवारण्या जनावराच्या खाण्याचा विचार करून केलेल्याच नसतात.

कुठलाही नवा माल सुरू करताना आठ-दहा दिवस घेऊन वाढवत न्यायचा. पोटातल्या जंतूंना बदलायला तेवढे दिवस लागतात.

वैरणकाडी

याला खरा उपाय मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेली हिरवी कुट्टी. २०२० मध्ये ज्यांच्याकडं मुरघास होता त्यांना पेंडीच्या टंचाईची धग कमी लागली. तेलगिरण्या बंद, सरकी पेंडीची आवक तुटली. पशुखाद्याला परवानगी असूनही पहिले दोन आठवडे ट्रक मिळेनात, कारण ड्रायव्हर गावी गेलेले, ढाबे आणि गॅरेज बंद.

मका दाणा चिकात भरून पीठ धरू लागला की, साधारण ७५-८० दिवसांवर, कापायचा. मूठ दाबून बघा: पाणी गळलं तर ओला आहे, मूठ सोडल्यावर लगेच मोकळा झाला तर वाळला आहे, हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर राहिला तर योग्य. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटर. त्याहून लांब ठेवली की आत हवा राहते आणि बुरशी धरते. एका घनफुटात १६-१७ किलो बसलं पाहिजे, एवढं तुडवा. ४५ दिवस हात लावू नका. उघडल्यावर रोज तोंडावरून पूर्ण थर काढा, मध्येच खड्डा करू नका.

५ गाई, रोज प्रत्येकी १५ किलो, ९० दिवस म्हणजे पावणेसात टन. नासाडी धरून साडेसात टन भरा. एवढा साठा असला की तीन महिने बाजार बंद राहिला तरी जनावर उपाशी राहत नाही.

भट्टीवाली

दुधाचे पदार्थ करा असा सल्ला त्या काळात सगळ्यांनी दिला. भूमकडच्या खव्याच्या भट्ट्यांचं काय झालं ते बघितलं तर हा सल्ला किती अपुरा होता ते कळतं. खव्याचं गिऱ्हाईक पेढेवाला आणि मिठाईवाला, आणि तेच बंद. म्हशीच्या १०० लिटरमधून २१-२२ किलो खवा निघतो, गाईच्या दुधातून १७-१८. फ्रिजमध्येही तो फार दिवस टिकवणं अवघड. उणे १८ अंशांच्या कोल्ड स्टोअरमध्ये काही महिने राहतो, पण त्याचं भाडं सुरू होतं आणि बाहेर काढल्यावर दाणा सुटतो.

तुपाचा हिशोब करा. गाईच्या १०० लिटरला घरगुती पद्धतीनं, विरजण लावून घुसळून, ३ किलोच्या आसपास तूप. ५०० रुपये धरले तरी १५०० रुपये, म्हणजे लिटरला १५, सरपण आणि मजुरी वेगळी. १८ रुपयांनी डेअरीला घालणं त्यापेक्षा बरं. फक्त ताक विकलं गेलं तरच तूप परवडतं, किंवा टँकर आलाच नाही तर. तूप महिनोन् महिने टिकतं ही त्याची जमेची बाजू.

पनीरमध्ये पैसा होता. गाईच्या १०० लिटरला १४-१५ किलो. २५० रुपयांनी साडेतीन हजारांवर जातं. दूध ९० अंशांपर्यंत तापवून ७५-८० वर आणायचं, लिटरला दीड ते दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून धारेनं सोडायचं, पाणी हिरवट-नितळ दिसलं की थांबायचं. जास्त ढवळलं की दाणे बारीक होऊन निवळीबरोबर जातात आणि उतारा घटतो. दाबून, दोन तास थंड पाण्यात. पण हॉटेल बंद असताना घेणार कोण? पुण्या-मुंबईच्या सोसायट्या. ज्यांच्याकडं गाडी, पास, थंड पेटी आणि आधीची ओळख होती त्यांनाच ते जमलं. टाळेबंदी लागल्यावर गिऱ्हाईक शोधायला निघालेल्यांना जमलं नाही. म्हणून साथ नसतानाच रोजच्या दुधातलं दहावा हिस्सा तरी थेट विकायची घडी बसवून ठेवा. उलाढाल लहान असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी सोपी असते (२०२० मध्ये मर्यादा वर्षाला १२ लाखांची होती), ती आधी काढून ठेवा.

पशुवैद्य_दख्खन

ताईंचा हिशोब पक्का आहे. आता कुणी न विचारलेला पण सगळ्यात मोठा तोटा सांगतो: रेतन, म्हणजे गोठवलेलं वीर्य सोडून गाय गाभण करणं.

दर पडल्याचा तोटा पगाराच्या चिठ्ठीत दिसतो. गाय गाभण न राहिल्याचा तोटा कुठल्याच चिठ्ठीत नसतो. एक माज हुकला की २१ दिवस गेले. टाळेबंदीत रेतन करणारा येऊ शकला नाही, किंवा आला तरी कंटेनरमध्ये वीर्य गोठवून ठेवणारा द्रव नायट्रोजन पुरेसा नव्हता. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर देशातले काही नायट्रोजनचे प्लांट ऑक्सिजन बनवण्यासाठी वळवले गेले. माणसं वाचवायची होती, ते करायलाच हवं होतं. गोठ्याला मात्र पुढं काय येणार ते माहीत असायला हवं.

दोन माज हुकले म्हणजे ४२ दिवस. गाभणकाळ २८० दिवसांचा. मे २०२० मध्ये राहायची गाय जुलैत राहिली तर विते एप्रिल २०२१ मध्ये, ऐन दुसऱ्या लाटेत. भाकड गाईचं रोजचं खाणं १५० रुपये धरलं तर ६३०० रुपये नुसते खाण्यात गेले, दुधाचे दिवस लांबले ते वेगळेच. त्यात काष्टी, घोडेगाव, सांगोला असे जनावरांचे बाजार बंद, म्हणजे न परवडणारी गाय विकायचीही सोय नाही.

करायचं ते असं. रेतन करता आलं नाही तरी माजाची तारीख लिहायची सोडू नका. डॉक्टर उपलब्ध झाला की त्याच तारखांवरून पुढचा माज धरता येतो, किंवा इंजेक्शन देऊन माज आणायचा का ते ठरवता येतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतनवाल्याला पातळी दाखवायला सांगा: पट्टी बुडवून काढली की जिथपर्यंत पांढरं दव धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. कांड्या (वीर्याच्या बारीक नळ्या) त्यात बुडालेल्या नसतील तर ते वीर्य मेलेलं समजा. रोज उघडझाक असलेला ३ लिटरचा कंटेनर आठवड्या-दीड आठवड्यात भरावा लागतो. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, खिशात किंवा बगलेत धरून नाही.

कंटाळून गावातला वळू लावू नका. त्याची ब्रुसेल्लाची तपासणी झालेली नसेल तर एक गाय गाभण राहील आणि अख्ख्या गोठ्याला गर्भपाताचा रोग लागेल.

संस्था_सचिव

डॉक्टर, दुसऱ्या लाटेत खेड्यात घरंच्या घरं आजारी पडली. धार काढायची कुणी हा प्रश्न तेव्हा दराहून मोठा होता. त्यावर लिहाल का?

पशुवैद्य_दख्खन

लिहितो. माणूस बदलला की गाय दूध चढवून धरते. भीतीनं ॲड्रेनलिन सुटतं आणि पान्हा आणणारं ऑक्सिटोसिन कासेपर्यंत पोचून काम करत नाही. नवा माणूस आठ लिटर काढून उठतो, चार आतच राहतं, आणि तिसऱ्या दिवशी कासदाह (कासेची सूज).

म्हणून वेळ तीच, क्रम तोच, जागा तीच, खुराकाची पाटी तीच. जमलं तर मालकाचा जुना शर्ट नव्या माणसानं घालावा, धुऊन. सड धुऊन, पुसून, हातानं चोळून एक-दीड मिनिट थांबायचं, पान्हा आला की पाच ते सात मिनिटांत काढून मोकळं व्हायचं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून पान्हा आणू नका. त्याची सवय लागते आणि गाय त्याशिवाय दूध सोडत नाही.

गोठ्यात एक वही दोरीला बांधून ठेवा, घरातलं कुणीही उद्या दवाखान्यात गेलं तरी शेजाऱ्याला कळेल अशी: धारेचा क्रम, कोणत्या गाईचा कोणता सड अधू, कुणाला औषध चालू आहे आणि तिचं दूध कधीपर्यंत वगळायचं, गाभण तारखा, कुणाला किती खुराक, लाथ मारणारी कोणती. चार घरांनी मिळून एकमेकांच्या गाई आधीपासून हाताखालून घातलेल्या असाव्यात. आजारी माणसानं गोठ्यात येऊ नये. दुसरा कुणीच नसेल तर मास्क, साबणानं हात, आणि कॅनवर झाकण ठेवून बाजूला व्हायचं, उचलणाऱ्यानं नंतर यायचं.

कासरा

मशीनवाल्यांसाठी भर घालतो. लायनर (धारेच्या मशीनचे सडावर बसणारे रबरी कप) साधारण २५०० धारांनंतर बदलावे लागतात. १० गाई आणि २ क्लस्टर (एका गाईच्या चार सडांना लावायचे संच) असतील तर एका क्लस्टरवर रोज १० धारा, म्हणजे अडीचशे दिवस. टाळेबंदीत दुकानं बंद, लायनर फाटलेले, आणि लोक सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावत होते. त्यानं सड सुजतात. एक पूर्ण संच लायनर, पल्सेटरचा (मशीनची ओढ मागं-पुढं करणाऱ्या भागाचा) रबर, दुधाची नळी आणि व्हॅक्यूम पंपाचं तेल कायम शिल्लक ठेवा. विजेचा भरवसा नसेल तर निम्म्या गाईंना हातानं धार काढायची सवय मोडू देऊ नका.

सचिवसाहेब, खेळत्या भांडवलाचं काय? पगार निम्म्यावर आल्यावर पेंड उधार कुणी देत नाही.

संस्था_सचिव

किसान क्रेडिट कार्ड. जून २०२० पासून दूध संघांच्या सभासदांसाठी खास मोहीम होती. तेव्हा १ लाख ६० हजारांपर्यंत तारण लागत नव्हतं, आणि संघाशी दूध जोडलेलं असेल, पगारातून वसुलीची हमी असेल तर ३ लाखांपर्यंत. पशुपालनासाठी २ लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलाला वेळेत फेड केली तर व्याज ४ टक्के पडत होतं. सावकाराकडून किंवा पेंडवाल्याकडून महिन्याला तीन टक्क्यांनी घेतलेला पैसा बघा आणि हा बघा. संस्थेकडून सहा महिन्यांच्या दुधाच्या पगाराचा उतारा घेऊन फाइल करून ठेवायची. सध्याच्या मर्यादा शाखेत विचाराव्यात.

वैरणकाडी

जनावरांच्या साथीचंही इथंच जोडतो. लम्पी (जनावरांच्या कातडीवर गाठी येण्याचा रोग) महाराष्ट्रात २०२० मध्येच गडचिरोलीकडून शिरला होता. तेव्हा माणसांच्या साथीपुढं त्याकडं लक्ष गेलं नाही. लाळ्या-खुरकतच्या लसीची फेरीही त्या वर्षी मागं पडली. २०२२ मध्ये लम्पी सगळीकडं पसरला, बाजार पुन्हा बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचावी लागली. माणसांच्या साथीत जनावरांची लस चुकली तर दुसरी साथ मागोमाग येते. डॉक्टर, दोन लशींमध्ये अंतर किती ठेवायचं?

पशुवैद्य_दख्खन

साधारण तीन आठवडे. आजारी, ताप असलेल्या जनावराला लस नाही. लस टोचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडं घटतं, ते भरून येतं, त्या भीतीनं लस टाळू नका. बाटली २ ते ८ अंशांत, बर्फाच्या थर्मासमध्येच आणलेली हवी. लम्पीची विरघळवलेली लस दोन तासांत संपवायची, उरलेली दुसऱ्या गोठ्यात नेऊन वापरायची नाही. प्रत्येक जनावराला नवी सुई. आणि गोचीड-माश्यांची फवारणी गोठ्याबरोबर शेणाच्या उकिरड्यावरही करा, चावऱ्या माश्या तिथंच वाढतात.